दोन काड्या आणि न जाणारा फोटो: ६जीला आमचा सडा दिसतो का?

कातळावरचा

गणपतीत गावी होतो. संगमेश्वर तालुका, घर पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला, तिन्ही बाजूंनी डोंगर. फोनवर दोन काड्या. काकूने ओटीवर मोबाइलवर कीर्तन लावलं होतं, ते एकदाही अडकलं नाही. मी मखराचा फोटो मुंबईतल्या भावाला पाठवायला गेलो, तर ते गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. शेवटी छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढलो, तिथे क्षणात गेला.

काका म्हणाले, "तू यातलाच ना? मग कीर्तन येतं आणि फोटो जात का नाही, ते सांग. आणि तुमचं ते सहावं जी आलं म्हणजे जाईल का?"

मी तेरा वर्षं रेडिओ प्लॅनिंगमध्ये, म्हणजे मोबाइलचे टॉवर कुठे आणि कसे लावायचे ते ठरवण्याच्या कामात आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी उभ्या उभ्या दिलं. दुसऱ्याला मात्र अडखळलो, म्हणून हा धागा.

पहिलं उत्तर असं. टॉवरवरचा साधा ४जी रेडिओ ४० वॅटनी बोलतो, आपला फोन ०.२ वॅटनी. दोनशे पटींचा फरक. खिंडीपलीकडे कर्णा लागलाय आणि आपण इकडून नुसती हाक मारतोय. कर्णा आपल्याला ऐकू येतो. आपली हाक तिकडे पोचत नाही. टॉवरचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात, अँटेनाही जास्त असतात, म्हणून एरवी निभावतं. दरीत नाही निभावत. आणि फोनवरच्या काड्या फक्त कर्णा किती मोठा ऐकू येतो तेवढंच दाखवतात, आपली हाक पोचते का ते दाखवत नाहीत. फोन बनवणाऱ्यांनी दुसऱ्या काड्याही दाखवल्या असत्या, तर निम्मा महाराष्ट्र ग्राहक सेवा केंद्रांवर मोर्चा घेऊन गेला असता.

आता दुसरा प्रश्न. ६जी हे बाजारातलं नाव. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या कागदावर त्याचं नाव 'आयएमटी-२०३०'. त्याचा आराखडा नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. २०२४ ते २०२६ या काळात तांत्रिक निकष ठरवायचे आणि २०३०च्या आसपास प्रमाणक तयार, असा बेत आहे. प्रत्यक्ष प्रमाणक लिहिणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेची ६जीवरची पहिली मोठी बैठक मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियात इंचॉनला झाली.

आराखड्यात आकडे भरपूर आहेत. ५जीला कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट सांगितला होता; इथे संशोधनासाठी ५०, १००, २०० अशी उदाहरणं दिली आहेत. विलंब ०.१ ते १ मिलिसेकंद. दर चौरस किलोमीटरला दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत उपकरणं. फोन कुठे आहे ते १ ते १० सेंटिमीटरपर्यंत सांगायचं. याच यादीत 'कव्हरेज' हाही एक गुण लिहिला आहे. त्याच्यापुढे मात्र आकडा नाही.

तो कागद वाचताना मी इथेच थांबलो. ज्याला आकडा असतो त्याची चाचणी होते, त्यावर शोधनिबंध येतात, त्याची जाहिरात होते. ज्याला आकडा नाही ते प्रस्तावनेत राहतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडच्या लोकांनी ६जीत कशासाठी भांडायचं असेल तर वेगासाठी नको. दरीतल्या ०.२ वॅटच्या फोनची हाक किती लांबून ऐकू आली पाहिजे, त्याचा आकडा मागावा.

संशोधनात बाकी काय काय चाललंय ते प्रतिसादांत बोलू. टेराहर्ट्झ (म्हणजे फार वरच्या फ्रीक्वेन्सीच्या लहरी), हुशार आरसे, उपग्रह, एआय, सगळं विचारा. जमेल तितकं सांगतो.

पागोळी

वाचतेय. काड्यांचं हे गुपित आजच कळलं, इतकी वर्षं फोन आपटत होते. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासुर

५जीच्या वेळी काय काय ऐकलं होतं आठवतंय का? मुंबईतला सर्जन रत्नागिरीत ऑपरेशन करणार, गाड्या आपोआप चालणार. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी आलं. माझ्या आयुष्यात पडलेला फरक म्हणजे रील आता लवकर उघडतात. आता त्याच लोकांनी ०.१ मिलिसेकंद काढलंय. हे कुणाला हवंय?

कातळावरचा

@शंकासुर, आयडी सार्थ आहे तुमचा.

विलंबाचा हिशोब मात्र सोपा आहे. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते रत्नागिरी रस्त्याने सव्वातीनशेच्या वर, म्हणजे जाऊन यायला तीन मिलिसेकंदांहून जास्त नुसत्या वायरीत जाणार. हवेतला टप्पा शून्य केला तरी ते वाचत नाहीत. ०.१ मिलिसेकंद हे एकाच कारखान्याच्या छपराखालचं काम आहे: रोबोचा हात आणि त्याचा मेंदू यांच्यामधली वायर काढून टाकायची. तिथे त्याला किंमत आहे. सर्जनचं चित्र माहितीपत्रकावर बरं दिसतं म्हणून छापतात.

ओलूतला_पुणेकर

फिनलंडमधून लिहितोय. आमच्या ओलू विद्यापीठाने २०१८ मध्येच ६जीचा मोठा प्रकल्प सुरू केला आणि २०१९ मध्ये पहिली श्वेतपत्रिका काढली. मी त्याच गावात टेराहर्ट्झच्या बाजूला काम करतो, तेव्हा माझ्या पोटापाण्याविरुद्धच थोडं बोलतो.

एवढ्या वर कशाला जायचं? याचं उत्तर क्लॉड शॅननने १९४८ मध्येच देऊन ठेवलंय. वाहिनीची क्षमता पट्ट्याच्या (वापरायला मिळालेल्या फ्रीक्वेन्सींच्या) रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, ताकदीच्या मात्र लॉगरिथमच्या प्रमाणात. पट्टा दुप्पट केला की वेग दुप्पट. तोच वेग ताकदीतून दुप्पट करायला गेलात तर वीज बिल भरता भरता कंपनी बुडेल. आणि रुंद मोकळे पट्टे खाली उरलेले नाहीत. म्हणून सगळे वर पळतात. अमेरिकेने २०१९ मध्ये ९५ गिगाहर्ट्झपासून ३ टेराहर्ट्झपर्यंतचा भाग प्रयोगांसाठी खुला केला, तो याच कारणाने.

लोकांचा एक गैरसमज असतो: फ्रीक्वेन्सी वाढली की लहर हवेतच मरते. तसं पूर्ण खरं नाही. १४० गिगाहर्ट्झला लहर जेमतेम २ मिलिमीटरची असते, त्यामुळे नखाएवढ्या जागेत १६ अँटेना मावतात. तेवढ्याच आकाराच्या अँटेनातून झोत अधिक टोकदार निघतो आणि मोकळ्यावरचं बरंचसं नुकसान भरून निघतं. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, झोत सुईसारखा होतो. मध्ये हात आला, माणूस आडवा गेला की संपलं. दुसरं, या फ्रीक्वेन्सीला ॲम्प्लिफायरमधून ताकद निघता निघत नाही. मिलिवॅटसाठी आम्ही रडतो आणि दिलेल्या विजेतली बहुतेक उष्णता होऊन जाते.

माझं प्रामाणिक मत: टेराहर्ट्झ तुमच्या काकांच्या फोनमध्ये येणार नाही. टॉवर ते टॉवर, सर्व्हरच्या दोन कपाटांमध्ये, एका खोलीत, अशा ठिकाणी येईल.

अवांतर: इथे टॉवर घराजवळ असूनही घरात रेंज नसते. थंडीसाठी खिडकीच्या काचांना धातूचा पातळ थर असतो, तो उष्णतेबरोबर रेडिओलाही अडवतो. तुमचा डोंगर, आमची खिडकी.

कातळावरचा

@ओलूतला_पुणेकर, मस्त प्रतिसाद. उद्योगातली खरी ओढ मधल्या पट्ट्याकडे आहे हेही जोडतो. ७ ते साडेआठ गिगाहर्ट्झच्या आसपासची जागा. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईतली जागतिक रेडिओ परिषद संपली, तेव्हा ७.१२५ ते ८.४ गिगाहर्ट्झ, ४.४ ते ४.८ आणि १४.८ ते १५.३५ हे पट्टे अभ्यासासाठी घेतले. निर्णय २०२७ च्या परिषदेत. आजच्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या टॉवरवर तेवढ्याच पत्र्यात चौपट अँटेना बसवायच्या आणि जुन्याच जागा वापरायच्या, असा हिशोब. शहरासाठी हुशारीचा आहे. पण चौपट अँटेना टॉवरवर बसतात. फोनची हाक तीच ०.२ वॅटची.

पागोळी

माझा भाबडा प्रश्न: कोकणातल्या पावसाचं काय? आषाढात आमच्याकडे डिश टीव्हीसुद्धा मान टाकतो.

कातळावरचा

@पागोळी, भाबडा मुळीच नाही. ताशी ५० मिलिमीटरचा पाऊस धरला, म्हणजे आपल्याकडची बऱ्यापैकी सर, तर २८ गिगाहर्ट्झला दर किलोमीटरमागे साधारण ९ डेसिबल जातात. म्हणजे किलोमीटरभरात ताकद आठवा हिस्सा उरते. टॉवर दोनशे मीटरवर असेल तर फारसं जाणवणार नाही. चार किलोमीटरवर असेल तर विसरा. आपल्या ७०० मेगाहर्ट्झला पाऊस दिसतही नाही, कारण लहर ४३ सेंटिमीटरची आणि थेंब दोन-तीन मिलिमीटरचा. हत्तीला मुंगी.

गंमत म्हणजे १०० गिगाहर्ट्झच्या वर गेलं की पावसाचं नुकसान आणखी वाढत जात नाही, किलोमीटरला २० डेसिबलच्या आसपास रेंगाळतं. थेंब आणि लहर एका मापाचे झाले की व्हायचं तेवढं वाटोळं होऊन गेलेलं असतं.

आणि पावसापेक्षा ओली झाडं जास्त त्रास देतात. मे महिन्यात लागणारा फोन जुलैत लागत नाही, त्यात पानांचा मोठा वाटा असतो.

हवामानवेडा

हा पाऊस फुकट नाही जात बरं का. दोन टॉवरमध्ये मायक्रोवेव्हची जोडणी असते, तिचा सिग्नल पावसात किती पडला याची नोंद कंपनीकडे आपोआप होत असते. तेल अवीवच्या संशोधक हगित मेसर यांनी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं की या नोंदींवरून पाऊस मोजता येतो. पुढे नेदरलँड्समध्ये याच पद्धतीने अख्ख्या देशाचे पावसाचे नकाशे काढले. पर्जन्यमापक एका ठिकाणचा पाऊस सांगतो, ही जोडणी वाटेवरचा सगळा. सह्याद्रीत एका खोऱ्यात ढग फुटतो आणि शेजारच्यात ऊन असतं, तिथे हे सोनं आहे. माझ्या मते ६जीतल्या 'संवेदन' या भागाचं सर्वात उपयोगी रूप हेच, आणि त्याला ६जीसाठी थांबायचीही गरज नाही.

शंकासुर

'संवेदन' म्हणजे काय ते जरा उलगडून सांगा. टॉवर रडार होणार असं वाचलं होतं. म्हणजे मी घरात कुठे बसलोय हे त्याला दिसणार?

ओलूतला_पुणेकर

हो, कल्पना तीच आहे. पाठवलेली लहर वस्तूंवर आपटून परत येते; ती आजवर कटकट समजून फेकून देत होतो, आता तिच्यातून चित्र काढायचं. ड्रोन ओळखणं, रस्त्यावरची वाहतूक मोजणं, म्हातारा माणूस घरात पडला तर कळणं. आयएमटी-२०३०च्या सहा वापरांमधला तो एक अधिकृत वापर आहे. वायफायमध्येही यासाठी ८०२.११बीएफ हे वेगळं प्रमाणक बनवलं आहे.

तुमची भीती रास्त आहे. फोन घरी ठेवून तुम्ही टॉवरपासून सुटू शकता. रडारपासून सुटायला शरीर घरी ठेवावं लागेल. यावर तंत्रज्ञांकडे आज तरी समाधानकारक उत्तर नाही. आमच्या चहाच्या टेबलावरही यावर वाद होतात.

निसर्गमित्र_सातारा

सगळे तंत्राचं कौतुक करताय. चिमण्या कुठे गेल्या? ४जीने चिमण्या गेल्या, ५जीने मधमाश्या, ६जीने माणसं जातील. टेराहर्ट्झ म्हणजे क्ष-किरणांच्याच दिशेने चाललात ना?

गॅलेना

@निसर्गमित्र_सातारा, दिशा तीच, पण पुण्याहून पायी काशीला निघालेला माणूस अजून हडपसरलाही पोचलेला नाही. ३०० गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा ०.००१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला दहाच्या आसपास लागतात. जवळपास दहा हजार पट कमी. तुमच्या देवघरातल्या निरांजनाच्या प्रकाशाचा फोटॉनसुद्धा याच्या हजारपटीहून मोठा असतो. या लहरी ऊब देऊ शकतात, रेणू फोडू शकत नाहीत. उबेवर मर्यादा असते, आणि भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश लागू केली होती.

चिमण्यांचं म्हणाल तर आमच्या वाड्याच्या वळचणी गेल्या, तुळया गेल्या, अंगणात धान्य पाखडणं गेलं, आणि त्याच सुमारास टॉवर आले. दोष कुणाला द्यायचा ते एवढं सोपं नाही.

आता माझ्या आयडीविषयी, कारण कुणीच विचारलं नाही. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज. जगदीशचंद्र बोस यांनी त्याचा रेडिओ लहरी टिपायला वापर केला आणि १९०४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवली. पुढच्या प्रयोगांत त्यांच्या लहरी ५ मिलिमीटरपर्यंत आखूड होत्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झ. आज ज्याला आपण मिलिमीटर वेव्ह म्हणून मिरवतो ते सव्वाशे वर्षांपूर्वी प्रेसिडेन्सी कॉलेजात झालेलं आहे, हॉर्न अँटेनासकट.

दुसरी गोष्ट जास्त जवळची. टॉवरवर आणि फोनमध्ये अनेक अँटेना लावून एकाच पट्ट्यातून अनेक प्रवाह पाठवायची युक्ती, म्हणजे मायमो. तिचं सुरुवातीचं पेटंट १९९२ मध्ये स्टॅनफर्डमधून दाखल झालं. दोन नावं: आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ. पॉलराज नौदलातले, खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले. कैलाथ यांचा जन्मच पुण्यातला, शिक्षण सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात. ही जोडी ४जी, ५जी, वायफाय सगळ्याच्या मुळाशी बसली आहे, आणि पुण्यात त्यांच्या नावाची एक गल्लीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

ओलूतला_पुणेकर

+१. सीओईपीवाला असूनही कैलाथ पुण्याचे हे मला इथे येऊन कळलं. लाज वाटली.

उगाच_एक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नारायणगावकर

आमच्या बाजूचं कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्ये एकत्र, बाकीच्या तीन हातांवर २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे शांतता हे एक मोठं कारण होतं. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओचा गोंगाट कमी. ज्या डोंगरांना धागाकर्ते शिव्या घालतायत तेच डोंगर आम्हाला हवे आहेत, बघा.

जमिनीवरचा टॉवर कुठे, किती ताकदीचा, हे चर्चा करून ठरवता येतं. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला काय सांगणार? २०२३ मध्ये युरोपातल्या लोफार दुर्बिणीने स्टारलिंकच्या ६८ उपग्रहांवर लक्ष ठेवलं. त्यातल्या ४७ मधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये नकोसा गोंगाट गळत होता. तो त्यांचा प्रक्षेपणाचा पट्टा नाहीच, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा तो आवाज. आणि जीएमआरटी नेमकी त्या भागातही ऐकते. ६जीत 'सर्वत्र जोडणी'साठी आणखी हजारो उपग्रह म्हणाल, तर आमची झोप उडते.

बांधावरून

मी वाशीम जिल्ह्यात शेती करतो. मला टेराहर्ट्झ कळत नाही, पण धागाकर्त्याचा फोटो कळला. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि चढवायचा. ॲपला नावं ठेवत नाही, कल्पना चांगली आहे. पण शेत गावापासून दीड कोस. तिथे व्हिडिओ दिसतो, फोटो चढत नाही. मी आजवर समजत होतो की माझाच फोन भिकार. अंगणवाडीच्या ताईंचंही तेच. पोरांच्या वजनांची माहिती भरायला त्या पाण्याच्या टाकीवर चढतात. सरकारला आमच्याकडून जे पाहिजे ते सगळं वरच्या दिशेनं पाठवायचं असतं, अन् नेटवर्क खालच्या दिशेनं चांगलं.

कातळावरचा

@बांधावरून, दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी पुढच्या मीटिंगमध्ये उचलणार आहे, आगाऊ परवानगी मागतो.

बांधावरून

उचला. बदल्यात टॉवर द्या.

शंकासुर

मग भारताने 'स्वतःचं ५जी' काढलं होतं त्याचं काय झालं? ५जीआय की काय. गाजावाजा झाला आणि गुडूप.

कातळावरचा

याची वाटच बघत होतो. हा प्रश्न माझ्या मूळ मुद्द्याचा गाभा आहे.

५जीचे निकष ठरत होते तेव्हा ग्रामीण चाचणीत दोन टॉवरमधलं अंतर १७३२ मीटर धरलं होतं. युरोपच्या खेड्याला ते चालतं. आपल्याकडच्या मंडळींनी म्हणणं मांडलं की भारतात फायबर पोचतं ग्रामपंचायतीपर्यंत, टॉवर तिथेच उभा राहणार, आणि आजूबाजूच्या वाड्या त्याच्यावरच. भरधाव गाडीतला ग्राहक नव्हे, चालणारा माणूस, पण लांबवरचा. त्यावरून 'कमी वेग, मोठी सेल' (सेल म्हणजे एका टॉवरने व्यापलेला टापू) अशी चाचणी आयटीयूच्या निकषांत घुसवली. टॉवरमधलं अंतर ६ किलोमीटर. लक्षात घ्या, तिथे आकडा मिळवला.

त्या आकड्याला पुरं पडण्यासाठी आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि तिथलंच सीईडब्ल्यूआयटी हे वायरलेस संशोधन केंद्र यांनी जे केलं ते नेमकं काकांच्या फोटोचं औषध होतं. फोनचा सिग्नल खूप वरखाली उसळत असेल तर ॲम्प्लिफायरला पूर्ण जोर लावता येत नाही. शिखरं कापली जाऊन आवाज फाटू नये म्हणून त्याला आधीच दबून राहावं लागतं. त्यांनी सिग्नलला असा आकार दिला की तो जवळपास सपाट राहतो आणि फोन छाती भरून ओरडू शकतो. तोच फोन, तीच बॅटरी, हाक लांब.

२०२१ मध्ये आयटीयूने ५जीआयला मान्यता दिली. पण वेगळं प्रमाणक म्हणजे वेगळ्या चिप, वेगळे फोन. कंपन्यांना नको होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्या नेटवर्कवाल्यांनाही नको होतं. शेवटी ते थ्रीजीपीपीच्या १७ व्या आवृत्तीत विलीन झालं. लोक याला अपयश म्हणतात. मी नाही म्हणत. झेंडा उतरला, युक्ती राहिली. वाईट याचं वाटतं की कागदावर असलेली युक्ती दरीतल्या टॉवरवर चालू आहे का, हे विचारायला ग्राहकाकडे काही साधन नाही.

म्हणून म्हणतोय की २०२६ पर्यंत ६जीचे निकष ठरतायत तेव्हा पुन्हा असाच आकडा मागायला हवा. मार्च २०२३ मध्ये भारत ६जी व्हिजन आलं, त्याच वर्षी उद्योग आणि विद्यापीठांची आघाडी झाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये आयटीयूची मोठी प्रमाणक सभा दिल्लीत भरली. खुर्ची आहे आपली टेबलावर.

पागोळी

आणि ते हुशार आरसे? मूळ लेखात नाव घेऊन ठेवलंत आणि विसरलात.

कातळावरचा

नाही विसरलो, माझा जीव त्यातच आहे. खिंडीच्या तोंडावर एक मोठा फलक लावायचा, त्यावर शेकडो-हजारो छोटे तुकडे. प्रत्येक तुकडा लहर किंचित उशिरा परतवतो, आणि हा उशीर हवा तसा बदलून लहर दरीत वळवायची. स्वतः प्रक्षेपण नाही, त्यामुळे वीज फार थोडी. डोंगरावर ॲल्युमिनियमचे मोठे पत्रे लावून मायक्रोवेव्ह वळवायचे प्रकार पूर्वीही होते. हे त्याचं हलतं-डुलतं रूप.

पण गणित आडवं येतं. टॉवर ते आरसा आणि आरसा ते फोन या दोन टप्प्यांच्या नुकसानाची बेरीज नाही, गुणाकार होतो. आरसा दोघांच्या मधोमध लावला तर सर्वात वाईट. तो एका टोकाच्या अगदी जवळ हवा किंवा प्रचंड मोठा हवा. आमच्या खिंडीसाठी मी एका रात्री हिशोब केला. ७०० मेगाहर्ट्झला फलक जवळपास आमच्या अंगणाएवढा निघाला. त्यापेक्षा एक लहान रिपीटर (सिग्नल उचलून पुन्हा जोरात पाठवणारा डबा) आणि सौर पॅनेल स्वस्त पडेल.

हवामानवेडा

एआयचं नाव घेतलंत तेही सांगून टाका.

ओलूतला_पुणेकर

थोडक्यात: वाहिनीचा अंदाज घेणं, कुठला झोत वापरायचा ते ठरवणं, जागा ओळखणं, ही कामं सूत्राऐवजी शिकलेल्या जाळ्याकडून करून घ्यायची. थ्रीजीपीपीच्या १८ व्या आवृत्तीत यावर अभ्यास झाला. काम करतं. फक्त ते ज्या मोजमापांवर शिकलं तेवढंच त्याला येतं, आणि मोजमापं होतात शहरात. संगमेश्वरच्या पऱ्यात मोजायला कोण गेलंय?

पागोळी

मग उपग्रहावरूनच थेट फोन का नाही? @नारायणगावकर, माफ करा.

कातळावरचा

येतंय तेही. २०२२ मध्ये ब्लूवॉकर-३ हा चाचणी उपग्रह गेला, त्याची अँटेना ६४ चौरस मीटरची. एवढी मोठी का? कारण साध्या फोनची तीच ०.२ वॅटची हाक पाचशे किलोमीटरवर ऐकायची आहे. फोन बदलता येत नाही म्हणून कानच अंगणाएवढा केला. समुद्रात, सड्यावर, आपत्तीत उत्तम. पण एक झोत कित्येक किलोमीटरचा टापू व्यापतो आणि त्यातले सगळे तीच क्षमता वाटून घेतात. घरात, कौलांखाली, ओल्या माडांखाली अवघड. मजकूर जाईल, गणपतीत अख्खी वाडी एकदम आरतीचे व्हिडिओ पाठवायला लागली तर नाही जाणार.

नारायणगावकर

माफ केलं. फक्त आमच्या डोक्यावरून जाताना तोंड बंद ठेवा म्हणावं.

कातळावरचा

काल काकांकडून मोजमापं मागवली, तीही देतो. पडवीत: खाली येणारा वेग सेकंदाला ११ मेगाबिट, वर जाणारा ०.०८. सड्यावर: २६ आणि ९. म्हणजे पडवीत कीर्तन ऐकायला भरपूर आणि फोटो पाठवायला काहीच नाही. जो फरक आम्ही तक्त्यांत बघतो तो काकांनी वहीत पेन्सिलने लिहून पाठवला.

मी त्यांना सुचवलं की एक जुना फोन पॉवर बँकेसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरामागच्या फणसावर वर बांधा, त्याचा हॉटस्पॉट चालू ठेवा आणि घरातल्या फोनवरून त्याला जोडा. वीस-पंचवीस फुटांवरून खिंडीतली फट दिसते. काकांनी गड्याकडून बांधून घेतला. वर जाणारा वेग २.३ झाला. गौरी विसर्जनाचे फोटो सगळे गेले.

शंकासुर

हे मानलं. फणस-जी.

बांधावरून

आमच्याकडे फणस नाही. निंबावर चालेल का?

कातळावरचा

चालेल, शेंड्याजवळ बांधा, पानांच्या बाहेर. आणि उन्हात पॉवर बँक नको, फुगते.

आमच्याकडचा ताजा अहवाल: आज सकाळी वानरांनी पिशवी पळवली. पॉवर बँक आगरात सापडली, फोन अजून नाही. काका म्हणतात घंटी जातेय, वाजतोय कुठेतरी, पण सापडत नाहीये.